स्काउट-गाईड पथक चालवताना या चुका टाळा

पथकातली मुलं गळू लागली, संघनायक (पथकातल्या छोट्या गटांचे म्होरके) नावापुरते उरले किंवा शिबिरात अघटित घडता घडता टळलं, की मूळ बहुतेकदा एकच निघतं. मुलांची कामं मोठी माणसं उरकून टाकतात आणि मोठ्यांची जबाबदारी मुलांच्या गळ्यात पडते.

संघनायक सरांनी नेमणं

वर्गात पहिला येणारा किंवा आवाज मोठा असलेला मुलगा संघनायक होतो आणि वर्षभर शिट्टी वाजवत फिरतो. नेतृत्व अशानं वाढत नाही. १९०७ साली स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात विसेक मुलांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ एका मुलाच्या हाती दिला. सहा-आठ जणांचा संघ आजही त्यासाठीच असतो. निवड संघालाच करू द्या. तंबू कुठे ठोकायचा, जेवणात काय करायचं, शेकोटीला कोणता कार्यक्रम बसवायचा, हे मुलांनी ठरवावं. खिचडी करपली तर करपू द्या. दुसऱ्या दिवशी पाणी किती घालायचं ते त्यांना कळलेलं असतं. आपण मध्ये पडून ती वाचवली, तर पुढच्या शिबिरातही आपल्यालाच चुलीपाशी बसावं लागतं.

मुलं येईनाशी झाली असतील तर आधी आपलं वेळापत्रक बघा. २६ जानेवारीच्या संचलनाची तालीम सोडून महिन्याभरात काय झालं? सोपान परीक्षेच्या, म्हणजे स्काउटच्या टप्प्याटप्प्याच्या परीक्षांच्या, वह्या भरणं म्हणजे स्काउटिंग नव्हे.

शिक्षा संघनायकावर सोपवणं

उठाबशा काढायला लावण्याचा अधिकार एका मुलाला दुसऱ्यावर कधीही देऊ नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शिक्षकांनाही मनाई आहे.

सुरक्षा गृहीत धरणं

इथे मात्र मुलांचं मत विचारायचं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पाण्याजवळच्या शिबिरात, मग ते धरण असो की ओढा, पाण्यात उतरायचं की नाही हे मोठ्यांनीच ठरवावं. जागा आधी जाऊन बघा, जवळचा दवाखाना शोधून ठेवा, कुणाला दमा आहे, कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे पालकांकडून लिहून घ्या. दर तासाला डोकी मोजा.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून तो जास्त वाईट. एकटा शिक्षक आणि एकटं मूल बंद जागेत नको. मोठ्यांचे तंबू वेगळे हवेत. मुलाला खासगी मेसेज पाठवू नयेत. निरोप पालकांच्या ग्रुपवर टाकावेत. मुलींचं पथक असेल तर शिबिरात महिला गाईड कॅप्टन, म्हणजे पथकाची प्रमुख, हवीच.

आणि एखाद्या मुलानं लैंगिक त्रासाबद्दल सांगितलं, तर सर्वांत मोठी चूक होते ती त्यानंतर. ‘आधी शाळेत चौकशी करू, मग बघू’ असं म्हणत दिवस जातात, खुणा पुसल्या जातात, मुलावर दबाव येतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती मिळणाऱ्या कुणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. मूल सांगतंय तेवढं शांतपणे ऐका, त्याच्या शब्दांत लिहून ठेवा, खोदून विचारू नका आणि त्याच दिवशी कळवा. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक मुलांकडूनही शिबिराच्या पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या.