गिअर टाकताना खर्रर्र आवाज येतोय? आधी क्लच तपासा

जुन्या गाडीचा गिअर करकरला की लगेच गिअरबॉक्स उघडायला देऊ नका. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबून ४-५ सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खरखर झाली, तर क्लच बहुधा पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. केबलचं ॲडजस्टमेंट बघा. हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर क्लच ऑइलची पातळी, गळती आणि लाइनमधली हवा.

रिव्हर्स गुपचूप पडतो, पण चालत्या गाडीत एकच गिअर, बरेचदा दुसरा, कुरकुरतो? मग संशय त्या गिअरच्या सिंक्रोनायझर रिंगवर, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचा वेग जुळवणाऱ्या रिंगवर. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबल्यावर तोच गिअर शांतपणे पडला, तर संशय आणखी पक्का. गिअर ऑइलची पातळी आणि ग्रेडही तपासाच. चुकीच्या ऑइलनेसुद्धा गिअर करकरतात.