फाइल झिप करण्याचे सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

विंडोज संगणकासाठी असे सॉफ्टवेअर शोधताना पहिला प्रश्न असतो, फाइल सर्वांत लहान कोण करतो? खरे तर हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी दोन गोष्टी ठरवा: ही फाइल पुढे कोण, कशावर उघडणार आहे, आणि ती किती वर्षे शाबूत राहायला हवी. खालच्या बहुतेक चुका हे न ठरवल्यामुळेच होतात.

जे लहान होणारच नाही, ते दाबत बसणे

जेपीईजी फोटो, एमपी4 व्हिडिओ, एमपी3 गाणी आधीच दाबलेली असतात. वर्डची डॉक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल तर आतून झिपच असते. लग्नाचे व्हिडिओ ‘अल्ट्रा’ या सर्वांत जास्त दाबणाऱ्या पातळीवर तासभर दाबले तरी जागा जेमतेम एक-दोन टक्के वाचते. अशा फाइली फक्त एकत्र बांधायच्या असतील तर पातळी ‘स्टोअर’ ठेवा, काम कॉपी करण्याइतक्या वेगाने होते. याउलट साधा मजकूर, सीएसव्ही, लॉग, डेटाबेसचा बॅकअप, बीएमपी चित्रे यांवर 7-झिप या सॉफ्टवेअरच्या 7झेड फॉरमॅटमधली एलझेडएमए2 ही दाबण्याची पद्धत खरोखर कमाल करते.

‘अल्ट्रा’ला मेमरीही भरपूर लागते. डिक्शनरी, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा मजकूर शोधायला वापरली जाणारी मेमरीतली जागा, 64 एमबी असेल तर दाबताना तिच्या दहापट किंवा जास्त रॅम जाते आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) वाढवले की आकडा आणखी चढतो. 4 जीबी रॅमचा संगणक इथे गोठतो. 7-झिपच्या ‘ॲड टू आर्काइव्ह’ खिडकीत दाबायला किती आणि उघडायला किती मेमरी लागेल, हे खाली लिहिलेले असते. ते वाचून मगच ओके करा. घरच्या कामाला ‘नॉर्मल’ पुरते.

समोरच्याकडे न उघडणारा फॉरमॅट

रार या विनरार सॉफ्टवेअरच्या फॉरमॅटची फाइल उघडणारी सॉफ्टवेअर खूप आहेत. ती तयार करण्याचा परवाना मात्र विनरारच्या निर्मात्यांकडेच आहे. त्यामुळे 7-झिप रार उघडते, बनवत नाही. 2013 मध्ये विनरार 5 सोबत आलेला नवा रार फॉरमॅट त्याआधीच्या सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही आणि ‘फाइल खराब आहे’ असा चुकीचा निरोप येतो. विंडोज 11 ला 2023 च्या अखेरीच्या अपडेटपासून रार आणि 7झेड उघडता येतात, पण पासवर्ड असलेल्या नाही. विंडोज 10 च्या फाइल एक्सप्लोररला या तिन्हींपैकी फक्त झिप उघडता येते. कार्यालयात, बँकेत, सीएकडे किंवा कोणाच्या मोबाइलवर पाठवायचे असेल तर झिपच करा.

पासवर्ड टाकला म्हणून निर्धास्त होणे

आधार, पॅन, पगारपत्रके झिप करून पाठवणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. झिपमध्ये दोन प्रकारचे एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डने मजकूर कुलूपबंद करणे, असते. जुने झिपक्रिप्टो, ज्याची कमजोरी 1994 मध्येच बिहाम आणि कोचर या संशोधकांनी दाखवून दिली. आतल्या मजकुराचा अगदी थोडा भाग ठाऊक असला तरी ते फुटते, पासवर्ड कितीही लांब असो. दुसरे एईएस-256, जे भक्कम आहे. अडचण अशी की 7-झिपमध्ये झिप फॉरमॅट निवडला की आपोआप झिपक्रिप्टोच निवडलेले असते. ‘एन्क्रिप्शन मेथड’मध्ये जाऊन ते हाताने बदलावे लागते.

बदलल्यावर समोरून फोन येतो, ‘फाइल उघडत नाही, 80004005 असा एरर येतो.’ कारण विंडोज 10 च्या एक्सप्लोररला एईएसची झिप कळत नाही. इथे घाईने झिपक्रिप्टोवर परत जाऊ नका, समोरच्याला 7-झिप टाकायला सांगा. आणि तो टाकणारच असेल तर सरळ 7झेड फॉरमॅट वापरा. झिपमध्ये पासवर्ड असूनही फाइलींची नावे कोणालाही वाचता येतात. 7झेडमध्ये ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण केली की नावेही झाकली जातात.

झिप फॉरमॅटसाठी 7-झिप देवनागरी पासवर्ड स्वीकारत नाही, इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हेच चालतात. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवर सांगा. आणि हरवला तर एईएसला मागचे दार नाही.

मराठी नावे आणि लांब पत्ते

देवनागरी नावे झिपमध्ये युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची अक्षरपद्धत) वापरल्याच्या खुणेसह जातात. ही खूण न पाहणारे जुने सॉफ्टवेअर नावाच्या जागी चौकोन आणि विचित्र चिन्हे दाखवते. मजकूर शाबूत असतो, दुसऱ्या सॉफ्टवेअरने उघडा. लिनक्सवर वेगळीच अडचण येते. तिथे एका नावाला 255 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त धरून साधारण 85 चिन्हांनंतर नाव बसत नाही आणि फाइल निघतच नाही. ‘ग्रामपंचायत वार्षिक अहवाल…’ अशी लांबलचक नावे झिप करण्याआधीच आखूड करा.

विंडोजवर अडते ते फाइलच्या संपूर्ण पत्त्याच्या (ड्राइव्ह, फोल्डर आणि नाव मिळून) 260 अक्षरांच्या मर्यादेपाशी. फोल्डरात फोल्डर असलेली झिप डेस्कटॉपवर उघडताना ‘पाथ टू लाँग’ आले, तर डी ड्राइव्हवर एका अक्षराचे फोल्डर करून त्यात उघडा.

एकदा टाकले आणि विसरले

7-झिप आणि विनरार, दोन्ही स्वतःहून अपडेट होत नाहीत. विनरारमधल्या 2023 च्या त्रुटीत झिपमधल्या साध्या चित्रावर क्लिक केले तरी आतला घातक प्रोग्राम चालत असे. ती 6.23 मध्ये दुरुस्त झाली. 2025 मधल्या त्रुटीमुळे फाइल आपण निवडलेल्या जागेऐवजी थेट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये पोचवता येत होती, तिची दुरुस्ती 7.13 मध्ये आहे. 7-झिपमध्येही 24.09 आणि 25.00 या आवृत्त्यांनी गंभीर त्रुटी बुजवल्या. ‘हेल्प’मधल्या ‘अबाउट’मध्ये आपली आवृत्ती आजच पाहा.

7-झिपमध्ये आणखी एक सेटिंग बदला: ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, मग ‘7-झिप’ टॅबमध्ये ‘प्रोपगेट झोन आयडी स्ट्रीम’ला ‘येस’ करा. ही फाइल इंटरनेटवरून आली आहे, ही विंडोजची खूण मग आतल्या फाइलींनाही लागते आणि इशारा मिळतो. डाउनलोड फक्त 7-zip.org वरून करा, मिळत्याजुळत्या नावाच्या संकेतस्थळांवरून नको. 7-झिप घरी आणि कार्यालयातही पूर्ण मोफत आहे. विनरार 40 दिवसांच्या चाचणीवर असते, कार्यालयात परवाना घ्याच.

एकुलती प्रत झिपमध्ये ठेवणे

7झेडमध्ये फाइली सहसा ‘सॉलिड’ म्हणजे एकसंध गठ्ठ्यात दाबल्या जातात. आकार घटतो, पण मध्ये कुठे खराबी आली तर त्या गठ्ठ्यातल्या पुढच्या फाइलीही जातात. वर्षानुवर्षे ठेवायच्या दस्तऐवजांसाठी ‘सॉलिड ब्लॉक साइज’ला ‘नॉन-सॉलिड’ करा. इथे विनरारची बाजू खरोखर भक्कम आहे. त्यातला ‘रिकव्हरी रेकॉर्ड’, साधारण 3 टक्के, किरकोळ खराबी दुरुस्त करतो. झिप आणि 7झेडला अशी सोय नाही. ‘डिलीट फाइल्स आफ्टर कम्प्रेशन’वर कधीच खूण करू नका. आधी ‘टेस्ट’ चालवा, मग मूळ फाइली हाताने काढा.

नेहमीचे एरर

‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा’ म्हणजे डाउनलोड अर्धवट आहे, पुन्हा उतरवा. ‘सीआरसी फेल्ड’ म्हणजे फाइल बिघडली आहे, पण फाइलला पासवर्ड असेल तर आधी पासवर्डच तपासा. ‘कॅनॉट ओपन फाइल ॲज आर्काइव्ह’ आले तर आकार पाहा. काही केबीच असेल तर झिपऐवजी लॉगिनचे वेबपानच उतरले असण्याची शक्यता मोठी. 001, 002 असे तुकडे असतील तर सगळे एका फोल्डरात, नावे न बदलता ठेवून फक्त 001 उघडा. आणि झिपच्या आतूनच वर्डची फाइल उघडून बदल केले असतील, तर ते टेम्प फोल्डरमधल्या तात्पुरत्या प्रतीत गेलेले असतात. 7-झिपची खिडकी बंद करण्याआधी वर्डमधून ‘सेव्ह ॲज’ करून ती प्रत डॉक्युमेंट्समध्ये ठेवा.