स्वस्तातला युरोप: जुने सल्ले कुठे फसवतात

पंधरा वर्षांपूर्वी युरोप फिरून आलेल्यांचा सल्ला ठरलेला असतो: रेल्वे पास काढा, पाठीवर सॅक टाका आणि समोर येईल त्या गाडीत चढा. आज असं केलंत तर खिसा रिकामा होईल.

आधी व्हिसा. शेंगेनचं (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, शिवाय अर्ज केंद्राचा सेवाआकार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, तेव्हा उन्हाळी सुट्टीसाठी मार्चची वाट बघू नका. हातात व्हिसाचं स्टिकर आलं की मुक्कामाचे दिवस वाचा. तारखांची मुदत महिनाभराची आणि दिवस १५ लिहिलेले असतील, तर राहता येतं १५ दिवसच. पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यातच धरतात. ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी संगणकातली नोंद येऊ लागली, त्यामुळे एक दिवस जास्त झाला तरी लगेच दिसतो. फ्रँकफर्टला विमान बदलून रोमला जाणार असाल, तर ही पासपोर्ट-तपासणी फ्रँकफर्टलाच होते. मधे तासाभराचंच अंतर असलेलं तिकीट टाळा.

खरा हिशेब रेल्वेचा. अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा पास भारतीयांना मिळतो तो युरेल (इंटररेल हा तसाच पास तिथल्या रहिवाशांसाठी). फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे १० ते २० युरो वेगळे, आणि पासधारकांच्या जागा मोजक्याच. म्हणून मार्ग कागदावर मांडा, प्रत्येक टप्प्याचं लवकर काढलेलं तिकीट बघा, बेरीज पास आणि आरक्षण यांच्या एकूण खर्चापेक्षा जास्त आली तरच पास घ्या. चार-पाच ठरलेल्या टप्प्यांना तो बहुधा परवडत नाही.

जर्मनीतली सवलतीची तिकिटं एकाच गाडीला बांधलेली असतात. पण गाडीच्या उशिरामुळे शेवटच्या स्टेशनवर २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असाल, तर ते बंधन सुटतं. त्यासाठी अख्खा प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन तुकडे वेगवेगळे काढले की चुकलेल्या गाडीचा भुर्दंड तुमच्याच माथी. ६३ युरोंचं महिन्याचं डॉइचलांड-टिकेट लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना नाही. ते वर्गणीसारखं चालू राहतं: चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही, तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात.

इटलीत लोक हमखास अडकतात ते रेजिओनाले (प्रादेशिक) गाड्यांत. कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारायचा. मोबाइलवरच्या तिकिटाला गाडीत चढण्यापूर्वी तिकिटासोबत आलेल्या दुव्यावरून ‘चेक-इन’ करायचं. पैसे भरले म्हणजे झालं, असं समजून बसलात की टीसी दंड करतो. चेक-इनला नेट लागतं, म्हणून ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) निघण्याआधीच घ्या.

स्वस्त विमानांत बॅग चाकं आणि हँडल धरून मोजा. रायनएअर या स्वस्त विमान कंपनीत फुकट बॅग ४०×३०×२० सेंटिमीटर. नोव्हेंबर २०२५ पासून त्यांचा बोर्डिंग पास फक्त ॲपमध्ये असतो, तेव्हा ऑनलाइन चेक-इन आधीच उरका आणि फोन चार्ज ठेवा.

एटीएमने ‘रुपयांत कापू का?’ विचारलं, तर नाही म्हणा आणि युरोच निवडा. रुपयांचा दर यंत्रवाला ठरवतो, आणि तो तुमच्या बँकेच्या दरापेक्षा जवळजवळ नेहमीच वाईट असतो.