जुना वाद उलगडून कसा वाचावा: संमतिवयाचा कायदा समोर ठेवून

एखाद्या कायद्यावर चर्चा सुरू झाली की माणसं लगेच दोन बाजूंना सरकतात. हा बाजूने, तो विरोधात. मग आवाज चढतात आणि ज्यासाठी बसलो ते राहून जातं. मी शाळेत इतिहास शिकवला, आणि निवृत्तीनंतर कराडला आमचा एक वाचन गट चालवते. गटात निवृत्त तलाठी आहेत, नर्सिंगच्या मुली आहेत, ऊस लावणारे आहेत, भजनी मंडळातल्या दोघी आहेत. मतं टोकाची वेगळी. तरी आम्ही बसतो आणि बोलतो, कारण वाद वाचण्याची एक रीत आम्ही बसवली आहे. ती इथे सांगते. कुणालाही आपल्या गावात, सोसायटीत, कॉलेजात करता येईल.

सुरुवात आजच्या वादाने करू नका. शंभर-सव्वाशे वर्षं जुना, पण कायद्यापर्यंत पोचलेला वाद निवडा. त्याचा निकाल माहीत असतो, दोन्हीकडचं लिखाण उपलब्ध असतं, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणाचा पक्ष त्यात अडकलेला नसतो. आम्ही १८९१ चा संमतिवयाचा कायदा घेतो, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती किती वयापासून धरायची हे ठरवणारा. आगरकरांचं टेंभू आमच्याच तालुक्यातलं, हे त्याचं एक कारण.

पहिल्या बैठकीत फक्त घटना सांगा, मत नको. १८६० च्या दंडसंहितेत मुलीचं संमतीचं वय दहा होतं, विवाहित असो वा अविवाहित. १८८४ मध्ये मुंबईचे बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली आणि देशभर चर्चा पेटली. १८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. तिने दहावं वर्ष ओलांडलेलं असल्यामुळे बलात्काराचं कलम लागू झालं नाही, नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. जानेवारी १८९१ मध्ये विधेयक आलं, १९ मार्चला मंजूर झालं. दहाचं वय बारा झालं. एवढ्या दोन वर्षांसाठी पुणं दुभंगलं होतं. हे सांगून झाल्यावर थोडं थांबा. फुलमणीचं नाव ऐकल्यावर लोकांना गप्प बसावंसं वाटतं, त्यांना बसू द्या.

आता एक मोठी कार्डशीट घ्या. डावीकडे माणसांची नावं लिहा, वर तीन प्रश्न. बरोबर काय हे ठरवायचा अधिकार कुणाचा? पुरावा म्हणून काय चालेल? आणि जपायचं कुणाला: एका माणसाला, घराला, जातीला की राष्ट्राला? ‘कायद्याला पाठिंबा होता का’ हा रकाना मुद्दाम ठेवू नका. तो भरायची घाई सगळ्यांना असते, आणि तो भरला की बाकीचे तीन कुणी भरत नाही.

पहिली ओळ रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची. संस्कृतचे गाढे पंडित. त्यांनी धर्मग्रंथ उघडून दाखवलं की हा कायदा शास्त्राच्या आड येत नाही. म्हणजे अधिकार शास्त्राचा, पुरावा वचनांचा. दुसरी ओळ गोपाळ गणेश आगरकरांची. तेही कायद्याच्या बाजूचे, पण वाट पूर्ण वेगळी. रूढी माणसाला सुख देते की दुःख, ती विवेकाला पटते की नाही, हा त्यांचा प्रश्न. शास्त्रात काय लिहिलंय यावर त्यांच्या लेखी गोष्ट ठरत नाही.

माझ्या मते सगळी रीत इथेच शिकून होते, म्हणून इथे घाई करू नका. गटाला विचारा: शास्त्रात उलट वचन सापडलं असतं तर? भांडारकरांची पंचाईत झाली असती. निदान त्यांना नवा अर्थ शोधत बसावं लागलं असतं. आगरकरांना काहीच फरक पडला नसता. या प्रश्नाला आम्ही ‘आधार काढून घेणं’ म्हणतो. ज्यावर माणूस उभा आहे ते मनातल्या मनात काढून पाहायचं, आणि तो तरीही तिथेच उभा राहतो का ते बघायचं. एका सभेत शेजारी शेजारी बसलेली, एकाच अर्जावर सही करणारी दोन माणसं या एका प्रश्नाने वेगळी दिसतात. पुढच्या वेळी ती का फुटतात, तेही तेव्हाच कळतं.

मग टिळक. इथे सूत्रधाराने जास्त सांभाळायचं, कारण आमच्याकडे टिळकांवर कुणी बोललं की कुणीतरी दुखावतं किंवा कुणीतरी खूश होतं. टिळकांचा विरोध त्यांच्याच सर्वांत भक्कम रूपात मांडा. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये. सुधारणा लोकांनी आपल्या आपण करावी. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचं वचन होतं, ते विरोधकांच्या हाती होतं. शिवाय शास्त्राच्या मैदानातही टिळक भांडारकरांशी भांडले. आणि हे आवर्जून सांगा: १८९० मध्ये त्यांनीच सुधारकांपुढे मुलीचं लग्न सोळाच्या आत नको, मुलाचं विसाच्या आत नको अशी कलमं ठेवली होती. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी सही करावी, आणि नियम आधी सही करणाऱ्यांना लागू व्हावा. म्हणजे सोळा मान्य असणारा माणूस बाराच्या कायद्याला विरोध करत होता. हे ऐकल्यावर तरुण मुलं गोंधळतात. गोंधळू द्या, मग कार्डशीट दाखवा. जपायचं कुणाला या रकान्यात टिळकांपुढे ‘राष्ट्र’ लिहिलं की गोष्ट उलगडते. मला स्वतःला ही भूमिका पटत नाही. स्वराज्य यायची वाट पाहायला दहा वर्षांच्या मुलीजवळ वेळ नव्हता. पण न पटणारी गोष्टही पूर्ण समजून घ्यावी, असं मी मनापासून मानते.

एक नियम कडक ठेवा: हेतूवर बोलायचं नाही. ‘त्याला नाव मिळवायचं होतं’, ‘तो सरकारचा माणूस होता’ अशी वाक्यं आली की सूत्रधाराने हात वर करायचा. हेतू काढले की विचार वाचायचं काम थांबतं.

पुढची ओळ जोतीराव फुल्यांची. विधेयक येण्याआधीच, २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. पण मलबारींच्या टिपणांवर १८८४ मध्ये त्यांनी मत दिलं होतं, आणि बालविवाहाला कायद्याने आळा घालावा असंच ते होतं. त्यांच्यामुळे पहिला रकानाच हलतो. शास्त्र कुणी लिहिलं आणि कुणाच्या सोयीचं, असं विचारणाऱ्याला शास्त्राचा दाखला पुरत नाही. आणि टिळकांना जे सरकार परकं, तेच सरकार फुल्यांना जवळच्या जुलमाविरुद्ध दाद मागण्याची जागा वाटत होतं. परकं कोण, याचं उत्तर तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून बदलतं.

सुधारक न्यायमूर्ती रानड्यांची ओळ गटाला स्वतः भरू द्या, त्यांना जमते.

आता शीट भरल्यासारखी दिसते, आणि नेमकं इथे विचारायचं: कोण नाही इथे? आमच्या नर्सिंगच्या मुलींनी हे न सांगता ओळखलं. जिच्या शरीरावर वाद चालला होता ती कुठेच नाही. रखमाबाईंसाठी ओळ आखा. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला, १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, त्यांनी नांदायला यावं म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. १८८६ मध्ये अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. नांदण्यापेक्षा तुरुंग पत्करण्याची तयारी त्यांनी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं, आणि पुढे त्या लंडनहून डॉक्टर होऊन आल्या. ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली होती. तिन्ही रकाने त्यांच्या ओळीत भरा. अधिकार माझा, पुरावा मी सोसलेलं, जपायचं ते हे एक माणूस. आगरकर सोडले तर ही ओळ कुणाच्याच ओळीशी नीट जुळत नाही.

दुसऱ्या बैठकीत या ओळी राजकारणात कुठे गेल्या ते पाहा. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा सुधारकांची सामाजिक परिषद त्याच मंडपात भरवायला विरोध झाला आणि रानड्यांना ती वेगळी भरवावी लागली. आधी राजकीय की आधी सामाजिक हा प्रश्न तेव्हापासून महाराष्ट्राच्या पक्षांत, संघटनांत फिरतो आहे. वयाची रेषाही पुढे सरकत राहिली, आता लग्नाच्या वयाची: १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीला चौदा, मुलाला अठरा, १९७८ मध्ये अठरा आणि एकवीस.

आणि मगच आजचा वाद घ्या. आम्ही डिसेंबर २०२१ चं विधेयक घेतलं, मुलीच्या लग्नाचं वय एकवीस करणारं. ते मंजूर झालं नाही, लोकसभेची मुदत संपली तसं रद्द झालं. तेच तीन प्रश्न, आणि या वेळी डावीकडे स्वतःचं नाव. तलाठी काका आणि नर्सिंगची एक मुलगी, दोघंही विरोधात निघाले. काकांचं म्हणणं, मुलीचं वय घरच्यांनी ठरवावं. मुलीचं म्हणणं, अठराला मत देता येतं तर जोडीदारही मीच निवडेन. आधार काढून पाहिला तेव्हा काका तिला म्हणाले, “म्हणजे तू माझ्या बाजूची नाहीस तर.” ती म्हणाली, “नाही काका, पण अर्जावर सही दोघांची चालेल.”

बैठक दीड तासाच्या वर लांबवू नका. भरलेली शीट फेकू नका, भिंतीला लावून ठेवा. महिनाभराने कुणीतरी येऊन स्वतःच्या ओळीत खाडाखोड करतं, त्यासाठी शेजारी पेन्सिल बांधून ठेवा.