घाटेअळीचा कामगंध सापळा वाचताना या चुका टाळा

परभणी-हिंगोलीकडे हरभरा फुलावर आला की शेतकरी बांधव घाटे पोखरणाऱ्या घाटेअळीचा अंदाज घ्यायला सकाळी आधी कामगंध सापळ्याकडे, म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल करून पतंग पकडणाऱ्या सापळ्याकडे, जातात आणि पिशवी रिकामी दिसली, तर निर्धास्त होऊन परततात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण सापळ्यात सापडतो तो या अळीचा प्रौढ नर पतंग; अंडी घालते ती मादी, आणि तिचे सारे वेळापत्रक तिच्या चेतासंस्थेतून सुटणारी रसायने ठरवतात.

अंधार पडल्यावर मादी पानावर स्थिर बसते, पोटाचे टोक लांबवून तिथली ग्रंथी उघडी करते आणि नराला बोलावणारा गंध सोडते. ही ग्रंथी मात्र आपल्या मर्जीने चालत नाही. मेंदूला लागून, अन्ननलिकेखाली असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यात ‘पीबॅन’ नावाचे न्यूरोपेप्टाइड (चेतापेशींनी बनवलेला, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा संदेशवाहक रेणू) तयार होते, ते रक्तद्रवात उतरून ग्रंथीपर्यंत पोहोचते आणि मगच गंध बनू लागतो. अमेरिकेतील मक्यावरच्या, आपल्या घाटेअळीच्या जवळच्या नात्यातील पतंगात कीटकशास्त्रज्ञ अशोक रैना व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये या रेणूची रचना उलगडली. तो 33 अमिनो आम्लांचा आहे. डोके वेगळे केलेल्या मादीत गंधनिर्मिती थांबते आणि पीबॅन टोचले की पुन्हा सुरू होते, इतके हे नाते थेट आहे.

मीलनानंतर नराच्या वीर्यद्रवासोबत आलेल्या घटकांमुळे हा गंध ओसरतो. म्हणजे जी मादी अंडी घालण्याच्या कामाला लागली आहे, ती नराला बोलावणे थांबवून बसलेली असते. त्यातच शिवारात गंध सोडणाऱ्या माद्या पुष्कळ असतील, तर नर ल्यूर (सापळ्यात टांगलेले कृत्रिम गंधाचे आमिष) सोडून त्यांच्याकडे वळतात आणि प्रादुर्भाव वाढत असतानाही सापळा रिकामा दिसू शकतो.

ल्यूरबाबतही हयगय नको. घाटेअळीच्या गंधात दोन मुख्य घटक साधारण 97:3 या प्रमाणात असतात आणि दर किडीचा गंध वेगळा असतो, म्हणून गुलाबी बोंडअळीचे ल्यूर इथे निरुपयोगी ठरते. दोन किडींची ल्यूर एकाच सापळ्यात टांगू नयेत, आणि पाकिटावरची मुदत संपताच ती बदलावीत.

कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांत आणखी एक गल्लत वारंवार दिसते: ज्युव्हेनाइल हार्मोनला (कीटकाची वाढ व प्रजनन यांवर ताबा ठेवणारे संप्रेरक) ते न्यूरोपेप्टाइड म्हणतात. हे संप्रेरक चेतापेशींत नव्हे, तर मेंदूमागच्या कॉर्पोरा अलाटा या ग्रंथींत बनते. मेंदूतील अलाटोट्रॉपिन हे न्यूरोपेप्टाइड त्याची निर्मिती वाढवते, तर अलाटोस्टॅटिन रोखते. डासाच्या मादीत रक्त प्यायल्यानंतर मेंदूतून सुटणारे संप्रेरक अंडाशयाला एक्डायसोन हे दुसरे संप्रेरक बनवायला लावते आणि त्यानंतर मेदपिंडात (कीटकाच्या शरीरातील चरबी साठवणाऱ्या ऊतीत) अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागते; पण हाच क्रम जसाच्या तसा पतंगाच्या उत्तरात उतरवणे चूक आहे, कारण कोणत्या संप्रेरकाचा वाटा किती, हे कीटकागणिक बदलते.

सापळ्यातील नरांची रोजची नोंद अवश्य ठेवावी, परंतु फवारणीचा निर्णय झाडे पाहूनच घ्यावा. सकाळच्या तिरप्या उन्हात कोवळे शेंडे व कळ्या हाताने वळवून पाहाव्यात. खसखशीच्या दाण्याएवढे, उभ्या रेघांचे, पिवळसर पांढरे एकेकटे अंडे तिथेच चिकटलेले असते.