गाडीत मस्तानी देताना

पुण्यात मी 11 वर्षं गाड्यांपर्यंत मस्तानी पोचवतोय. अमेरिकेत डॅलसच्या 'पिग स्टँड' या हॉटेलनं 1921 मध्ये गाडीतच खायला द्यायला सुरुवात केली, तेच हे काम.

ऑर्डर फुटपाथच्या बाजूनं घ्या. ड्रायव्हरचं दार रस्त्याकडे असतं, तिथं पोराला उभं करू नका. हे मी रोज बजावतो. चिठ्ठीवर नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहा, पांढऱ्या गाड्या ढीगभर असतात.

ट्रे अडकवायला काच चार बोटं वर हवी. पूर्ण खाली असली तर ट्रेचा हूक धरत नाही, ट्रे कलतो. ग्लास दोन बोटं रिकामा ठेवा. आइस्क्रीमचा गोळा निघतानाच टाका, नाहीतर गाडीपाशी पोचेपर्यंत तो विरघळून दूध ओघळतं आणि सीटवर डाग पडतो. लहान मुलं असतील तर टिश्यू न मागता द्या.