'दुःख' हा शब्द खोडल्यावर

लेखनाच्या पहिल्या नोकरीत मी लिहिलेलं पहिलं वाक्य असं होतं: 'नऊ वर्षांच्या त्या निष्पाप जिवाच्या वाट्याला आलेलं निःशब्द, अंधारं आयुष्य पाहून कुणाचंही काळीज पिळवटून निघेल.' ऐकू न येणाऱ्या मुलांना कानाचं मशीन मिळवून देणाऱ्या एका संस्थेसाठी मदतीचं आवाहन लिहायचं होतं. वाक्य पूर्ण झालं तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी होतं. संपादक बाईंनी ते वाचलं. 'निष्पाप', 'निःशब्द', 'अंधारं' आणि 'काळीज' या चार शब्दांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि विचारलं, "यात ती मुलगी कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. मी तिला भेटलेच नव्हते. समोरच्या फॉर्मवर वय, कानाचा तपशील आणि घरातल्या माणसांची संख्या होती, त्यावरून सगळं लिहिलं होतं.

या कामात नव्याने येणारे बरेच जण पहिल्यांदा मला 'पॉवर वर्ड्स'ची, म्हणजे वाचकावर हमखास परिणाम करणाऱ्या शब्दांची, यादी मागतात. अशा याद्या भरपूर मिळतात आणि सुरुवातीला मीही त्या पाठ केल्या होत्या. आज मी कुणालाच यादी देत नाही. त्याऐवजी सांगते की आधी जाऊन बघा. यादीतला शब्द भावनेचं फक्त नाव देतो. वाचकाला भावना जाणवायला काहीतरी घडताना दिसावं लागतं.

बाईंच्या त्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या तपासणीच्या वेळी हजर राहिले. तिचं जुनं मशीन दोन वर्षांपासून बंद होतं, आणि त्या दिवशी नवं बसवायचं होतं. ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, कानाचा साचा घट्ट बसवला, कारण तो सैल राहिला तर मशीन शिट्टी मारतं. मग मशीन चालू केलं. मी वाट बघत होते की आता ती रडेल किंवा आईला मिठी मारेल. तिने यातलं काहीच केलं नाही. ती पाणी प्यायला उठली, खुर्ची मागे सरकली आणि तिच्या पायाचा फरशीवर आवाज झाला. ती थबकली. खाली वाकून खुर्चीच्या पायाकडे बघितलं. मग स्वतःच खुर्ची पुढे ओढली, मागे ढकलली, परत पुढे ओढली. आई काही बोलली नाही. तिच्या हातात एक पावती होती. तिची घडी घालत घालत तिने ती नखाएवढी केली होती.

मी परत येऊन हेच लिहिलं. शेवटी एक वाक्य जोडलं: 'तिच्या आनंदाला पारावार उरला नव्हता.' बाईंनी तेवढंच एक वाक्य खोडलं. म्हणाल्या, "खुर्चीने सांगून झालंय."

मला हे नवीन वाटलं, पण आपल्या परंपरेत ते फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निर्माण होतो असं सांगितलं आहे. विभाव म्हणजे भावनेचं कारण, अनुभाव म्हणजे तिची बाहेर दिसणारी खूण, व्यभिचारी म्हणजे येऊन जाणारे क्षणिक भाव, आणि रस म्हणजे त्यातून प्रेक्षकाला येणारा अनुभव. तिथे आठ स्थायी (मूळ, टिकून राहणारे), तेहेतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक (शरीरावर आपोआप उमटणारे) असे एकूण ४९ भाव येतात. ते आठ सात्त्विक वाचून बघा: स्तंभ (जागीच खिळणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज फुटेनासा होणं), वेपथू (थरथर), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). एकूण एक शरीरावर दिसणारे. पुढे अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात रसदोषांची चर्चा केली. रस किंवा भाव थेट त्याच्या नावाने सांगणं हा त्याने दोष मानला. म्हणजे 'ती दुःखी होती' असं लिहिलं की दुःखाची फक्त माहिती पोचते. शाळेत परीक्षेपुरतं हे वाचलेलं असतं. हा कामाचा नियम आहे, हे मला त्या पेन्सिलीच्या रेघांपाशी कळलं.

इथे हमखास एक शंका येते: मग भाषेत ताकद कुठून येणार? बहुतेक वेळा नेमक्या क्रियापदातून. 'ती अतिशय अस्वस्थपणे चालत होती' यापेक्षा 'ती येरझाऱ्या घालत होती' हे छोटं आहे आणि दिसतं. आतल्या अवस्थांसाठी मराठीत किती बारीक भेद आहेत! तगमग, घालमेल, हुरहुर, काहूर, चुटपुट, सल. तगमगीत शरीर येतं, घालमेलीत दोन बाजू येतात, चुटपुटीत काहीतरी करायचं राहून गेलेलं असतं, सल जुना असतो. हे सगळे शब्द 'वेदना' या एकाच पेटीत टाकून बसणं मला खरोखर सहन होत नाही. मात्र यातला एखादाच, जिथे दृश्य पुरत नाही तिथे वापरा. एका परिच्छेदात काहूरही माजलं, घालमेलही झाली आणि जीवही कासावीस झाला, तर वाचक तिन्हींवरून घसरत जातो.

वाक्याची ठेवणही तेवढंच काम करते. 'त्याच्याकडून कप फुटला' आणि 'त्याने कप फोडला' यांत कप तोच आहे, माणसं दोन वेगळी. 'आम्हाला कळवण्यात आलं नाही' या वाक्यात दोषी कुणीच नाही. 'आम्हाला कुणी सांगितलंच नाही' यात ओठ आवळलेले ऐकू येतात. तो नुसता 'च' बघा. 'ही', 'तरी' आणि 'ना' हे आपले छोटे शब्दही असेच. 'ती आली' हे सांगणं झालं. 'ती आली तरी' म्हटलं की मागे तासभर वाट बघणं उभं राहतं. नवखे लेखक विशेषणांवर मेहनत घेतात आणि या चिमुकल्या शब्दांकडे बघतही नाहीत. ते कळायला स्वतःचं लिखाण मोठ्याने वाचावं लागतं. मी आजही मजकूर पाठवण्याआधी दार लावून एकदा पूर्ण वाचते. जिथे आवाज आपोआप नाटकी होतो, तिथे शब्द बदलायचा.

तत्सम शब्दांबद्दल माझं मत कडक आहे. 'अश्रू', 'हृदय', 'अंतःकरण' हे वाईट शब्द नाहीत, पण वाचक त्यांच्यापुढे जरा सावरून बसतो. 'डोळे भरून आले' म्हटलं की तो जवळ सरकतो. मृत्यूबद्दल लिहिताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. 'निधन झालं' हे बातमीत योग्य आहे. ज्याच्या घरात ते घडलं तो माणूस मात्र 'बाबा गेले' एवढंच म्हणतो, आणि त्याच्या तोंडचे ते दोन शब्द जसेच्या तसे ठेवायचे.

रशियन लेखक आंतोन चेखव यांनी १८९२ साली लिडिया अविलोवा या लेखिकेला पत्रात असाच सल्ला दिला होता: दुःखी माणसांबद्दल लिहून वाचकाला हलवायचं असेल तर स्वतः थोडं थंड राहा, म्हणजे त्या दुःखाला पार्श्वभूमी मिळते. थंड म्हणजे बेफिकीर नव्हे. तपासणीच्या खोलीत माझा गळा दाटला होता. कागदावर तो दाटलेला गळा आला असता तर खुर्ची दिसली नसती.

आकड्यांचं काय, हा प्रश्न नोकरीत पहिल्याच महिन्यात येतो. वरिष्ठ सांगतात, 'एवढ्या हजार मुलांना गरज आहे हे सगळ्यात वर टाका.' डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास अशा वेळी मला उपयोगी पडला. एकाच मुलीची माहिती वाचलेल्यांनी फक्त आकडेवारी वाचलेल्यांच्या दुपटीहून जास्त मदत दिली. मुलगी आणि आकडेवारी एकत्र दिली तेव्हा मदत पुन्हा घसरली. मी आकडे लपवत नाही, ते वाचकाला कळायलाच हवेत. फक्त गोष्ट सांगून होईपर्यंत त्यांना मध्ये येऊ देत नाही. खुर्ची सरकत असताना टक्केवारी सांगितली की वाचक खोलीतून बाहेर निघून जातो.

राग आणि भीतीचं वेगळं आहे. जोना बर्गर आणि कॅथरिन मिल्कमन यांनी २०१२ मध्ये वृत्तपत्रातल्या जवळपास ७००० लेखांचा अभ्यास मांडला. थक्क करणारे, संताप आणणारे, चिंता वाढवणारे लेख लोक जास्त पुढे पाठवतात आणि उदास करणारे कमी, असं त्यांना दिसलं. हे समजलं की चिडवणारं लिहायचा मोह होतो. मी त्या वाटेला जात नाही. चिडलेला वाचक मजकूर पुढे पाठवतो, पण ज्याच्याबद्दल लिहिलंय तो त्याच्या लक्षात राहत नाही.

आता मला सगळ्यात जड जाणारा भाग. दोन वर्षांनी हे तंत्र माझ्या हातात बसलं होतं. एका अकरा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिताना त्याच्या आईने सांगितलेला एक तपशील मी घेतला: वर्गात शिरण्याआधी तो मशीन काढून मोज्यात लपवतो. सगळं खरं होतं. एकही जड शब्द नव्हता. ज्याने वाचलं त्याने त्याच वाक्यावर थांबून मला सांगितलं की किती आतपर्यंत गेलं. पंधरा दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. "ताई, तुम्ही खोटं काही लिहिलं नाहीत. पण वर्गातली मुलं आता त्याच्या मोज्यात हात घालून बघतात."

बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते. परवानगीच्या कागदावर सही होती, नाव बदललेलं होतं, आणि तरीही तो मुलगा सगळ्यांना ओळखू आला होता, कारण मोजा त्याचाच होता. नेमका तपशील वाचकाच्या मनात घुसतो त्याच ताकदीने तो माणसाला उघडं पाडतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते आहे. त्या दिवसापासून ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला पूर्ण मजकूर वाचून दाखवल्याशिवाय मी तो पुढे देत नाही. मुलांच्या बाबतीत आईवडिलांना आणि मुलालाही. वेळ लागतो, मुदत चुकते, वरिष्ठ नाराज होतात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हा वेळ मागून घ्या, नंतर मागितला तर मिळत नाही. आणि 'जरा रडवा की' असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, पुन्हा एकदा भेटायला जाण्याची परवानगी मागा. तिथून आणलेला एक खरा तपशील दाखवला की बहुतेक वेळा ती मागणी मागे पडते.

मजकूर मागे घेतला आणि मी त्या मुलाकडे गेले. माफी मागितली. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीची रेघ गिरवत राहिला. मग मी विचारलं, मोज्याच्या जागी काय लिहू? त्याने आईकडे बघितलं आणि म्हणाला, जिन्यात कोण आलंय ते मला पावलांवरून कळतं, बाबा एक पायरी सोडून चढतात, आई शेवटच्या पायरीवर थांबते. "शेवटच्या पायरीवर का थांबते?" मी विचारलं. आईलाही माहीत नव्हतं की ती थांबते. तो म्हणाला, "पिशवी या हातातून त्या हातात घेते."

नव्या मजकुराची सुरुवात मी तिथूनच केली. वाचून दाखवलं तेव्हा त्याने एकच दुरुस्ती सुचवली. मी 'जड पिशवी' लिहिलं होतं. तो म्हणाला, जड आहे की नाही ते त्याला ऐकू येत नाही. मी 'जड' काढून टाकलं.